एका कोंबडीला चाळीस किल्ल्या

कडीवाल्या बाईंनी मला तीन वेळा रिकाम्या हातानं परत पाठवलं. पैसे माझ्या खिशात होते, घासाघीस सोडून द्यायचीही तयारी झाली होती, आणि त्यांच्या अंगणात साठएक कोंबड्या पायापायात येत होत्या. तरी नाही म्हणाल्या. गिऱ्हाइकाला इतक्या शांतपणे वाटेला लावणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही, आणि मी स्वतः काही फार गोडबोल्या नाही.

मी किल्ल्या करतो. बाजाराच्या टोकाला एका इमारतीचा जिना आहे, त्या जिन्याखाली माझं दुकान. एक यंत्र, एक स्टूल आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. आत दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं बाहेर थांबायचं. तीस वर्षं हेच करतोय, त्यामुळे कुठल्याही वस्तूची किंमत मला किल्ल्यांत मोजायची सवय लागली आहे. चपलांचा जोड म्हणजे पंधरा किल्ल्या, चष्मा म्हणजे साठ. कोंबडी म्हणजे किती, हे पन्नाशी उलटेपर्यंत मला माहीत असायचं काही कारण नव्हतं.

कारण झालं ते आत्यामुळे. मी नऊ वर्षांचा असताना आई गेली. वडील सदा फिरतीवर, तेव्हा वडिलांच्या या थोरल्या बहिणीनं मला वाढवलं. ती शाळांचे गणवेश शिवायची. दोन खोल्या भाड्याच्या, मागे हातभर मोकळी जागा आणि त्या जागेत कोंबड्या. माझं लग्न झालं, मी वेगळं बिऱ्हाड केलं, पण आत्या तिथंच राहिली. तिला विचारलं की म्हणायची, "मी आले तर यांना संध्याकाळी आत कोण घेणार?" मला त्या कोंबड्यांचा राग यायचा. माझ्यापेक्षा त्यांचं जास्त, असं वाटायचं. पन्नाशीच्या माणसानं कोंबड्यांवर जळावं, ही काही मोठेपणानं सांगण्यासारखी गोष्ट नाही, पण होती ती होती.

गेल्या वर्षी आत्या मागच्या पायरीवरून घसरली आणि तिचा खुबा मोडला. इकडे ती दवाखान्यात, तिकडे घरमालकानं खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. त्याचंही बरोबर होतं, आता ती एकटी राहणार नव्हतीच. मी दोन दिवस दुकान बंद ठेवलं. खाट, शिवणयंत्र, ट्रंक, भांडी हलवता हलवता माझ्या नाकी नऊ आले. दुसऱ्या दिवशी दुपारी राहिल्या त्या पाच कोंबड्या. दोन तांबड्या, एक काळी, एक मळकट पांढरी आणि एक ठिपक्यांची, तिच्या एका पायाचं बोट वाकडं होतं. शेजारी दोन घरी विचारलं, ते नको म्हणाले. तिसऱ्या घरी मी विचारलंच नाही. दोन खोक्यांत पाचही भरल्या आणि कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याकडे नेल्या. त्यानं वजन केलं, पैसे दिले. सगळं वीस मिनिटांत आटोपलं. वाईट वाटलं का, तर नाही. सुटल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो तर आत्याचा पहिला प्रश्न तोच. "कोंबड्या कुठं आहेत?"

पाय वजनाला बांधलेला, तोंड सुकलेलं. त्या वेळी मी खरं बोलायला हवं होतं असं म्हणणारे लोक दवाखान्यात कधी गेलेले नसावेत. मी म्हणालो, "एका बाईंकडे ठेवल्यात. त्या कोंबड्याच पाळतात. मजेत आहेत."

"जागा आहे?"

"पुष्कळ. मोठं अंगण आहे."

"पहिल्या दिवशी खाल्लं का त्यांनी?"

"गेल्या गेल्या दाण्यावर तुटून पडल्या," मी म्हणालो.

आत्यानं डोळे मिटले. मला वाटलं, चला, समाधान झालं तिचं.

मग ती रोज विचारायची आणि मी रोज काहीतरी घालायचो. त्या बाईंना मी एक मोठं झाड दिलं, झाडाखाली सावली दिली, एक कमी बोलणारा नवरा दिला. संध्याकाळी भरडलेला मका देतात म्हणालो. ठिपक्यांची अंडी देतेय म्हणालो. आत्या आमच्या घरी आली, महिनाभर पडून राहिली, मग वॉकर घेऊन खोलीत फिरायला लागली, तोवर ती बाई इतकी तयार झाली होती की रस्त्यात भेटली असती तर मी ओळखली असती. दिवस कलायला लागला की आत्या वॉकर ठोकत मागच्या दारापाशी जायची, बाहेर बघायची आणि परत यायची. मागे आमचं बोळकंडीसारखं परसू आहे, त्यात मोडकं पिंप आणि कपडे वाळत घालायची तार. बघण्यासारखं काही नाही. तरी ती रोज जायची.

एका सकाळी चहा पिता पिता ती म्हणाली, "आता मला चालता येतं. माझ्या कोंबड्या घेऊन ये."

बायकोला सगळं माहीत होतं. तिनं कप धुता धुता मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हटलं, "आता त्या बाईंना जन्माला घाला."

मी काय केलं ते सांगतो, मग हसा. मी ठरवलं की तशाच पाच कोंबड्या विकत आणायच्या. दोन तांबड्या, एक काळी, एक पांढरी, एक ठिपक्यांची. किल्ली हरवली तर दुसरी तशीच करून देतो, माणसाचं काम भागतं. धंद्यानं माणसाची बुद्धी कशी एका खाचेत जाते ते बघा.

पहिल्यांदा आठवडी बाजारात गेलो. टेंपोत पिंजरे लावलेला एक माणूस होता. दहा किल्ल्यांना एक कोंबडी. मला ते फारच स्वस्त वाटलं. "सगळ्या अंडी देणाऱ्या आहेत," तो म्हणाला. चार घेतल्या आणि दुकानात स्टुलाखाली ठेवल्या. शेजारचा सायकलवाला वाकून बघतो आणि म्हणतो, "यांच्या चोची कापलेल्या आहेत की. मोठ्या पोल्ट्रीतून काढून टाकलेला माल आहे हा. यांची अंडी घालून झाली." दुपारपर्यंत एक घशातून घरघरायला लागली, दुसरीच्या डोळ्यांना फेस आला. जनावरांच्या दवाखान्यात नेल्या. तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "घेताना काय बघितलंत? डोळे? नाकपुड्या? पायांवरचे खवले? शेपटीखाली स्वच्छ आहे का ते?"

"किंमत बघितली," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. "घरी दुसऱ्या कोंबड्या असत्या तर त्याही गेल्या असत्या," म्हणाल्या. चारांतल्या दोन तिसऱ्या दिवशी मेल्या, उरलेल्या दोन सायकलवाल्यानं नेल्या. डॉक्टरबाईंच्या औषधाचे पैसे धरले तर स्वस्तातली कोंबडी मला वीस किल्ल्यांना पडली आणि वर हातात काहीच नाही. निघताना त्यांनी औषधाच्या कागदामागे पत्ता लिहून दिला. "या बाईंकडे जा. देतीलच असं नाही. पण दिली तर चांगली देतील."

बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीमागे ते अंगण आहे. माझ्या दुकानापासून सायकलनं अर्धा तास. पाटी नाही. पत्र्याचं फाटक, आत बैठी खुराडी ओळीनं, एकेका खुराड्यात सहापेक्षा जास्त कोंबड्या नाहीत. प्रत्येकीच्या पायात रंगीत कडं, एका आईच्या लेकींना एक रंग. वास येईल म्हणून मी नाकाला रुमाल लावायच्या बेतात होतो, पण भुशाचा कोरडा वास सोडला तर काही नव्हतं. बाई बुटक्या, साठीच्या आसपास, पुढे खिसे असलेला ॲप्रन बांधलेला. एका अंधाऱ्या खोलीच्या दारात बसून त्या एकेक अंडं बल्बसमोर धरत होत्या. धरायचं, फिरवायचं, या टोपलीत नाहीतर त्या टोपलीत. माझ्याकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

"पाच कोंबड्या हव्यात," मी म्हणालो आणि रंगांची यादी सांगितली.

"साडी घेताय का?" त्या म्हणाल्या.

मग किंमत सांगितली. मी मनात हिशेब केला. एका कोंबडीला चाळीस किल्ल्या.

"बाजारात दहा," मी म्हणालो, म्हणजे त्यांना पैशांत सांगितलं.

"मग बाजारातनं घ्या."

"घेतल्या होत्या."

आता त्यांनी मान वर केली. हातातलं अंडं जपून ठेवलं आणि न रागावता सांगितलं. ही त्यांची पहिल्या खेपेची शिकवणी. विकतात ती तलंग, म्हणजे पाच महिन्यांची, अजून पहिलं अंडं न घातलेली कोंबडी. पाच महिने तिनं खाल्लेला दाणा त्यात. मानमोडीची आणि देवीची लस त्यात. दहा अंडी उबवायला ठेवली तर सात फुटतात, त्यातले निम्मे कोंबडे, आणि कोंबडा कोण घेतो? "तुम्ही एका कोंबडीचे पैसे देता तेव्हा तिच्या भावाचंही खाणं देता," त्या म्हणाल्या. "स्वस्त देणारा यातलं काहीतरी गाळतो. काय गाळलं ते तुम्हाला घरी गेल्यावर कळतं."

मला ते पटलं. पटलं म्हणूनच राग आला. तरीही खिशात हात घातला, तर त्या म्हणाल्या, "कडी कुठाय?"

"कसली कडी?"

"खुराड्याची. तुम्ही कोंबड्या जिथं ठेवणार, त्या दाराला जी कडी लावणार, ती आणून दाखवा. मग बोलू."

लोक त्यांना कडीवाल्या बाई का म्हणतात ते तेव्हा कळलं. कितीतरी गिऱ्हाइकं इथूनच चिडून परत जातात. कोंबडी न्यायला आलोय, मुलगी मागायला नाही, असंही एक जण म्हणून गेला होता म्हणे. मी मात्र फाटकाबाहेर पडताना मिशीत हसत होतो. तीस वर्षं कुलपांत काढलेल्या माणसाकडे ही बाई कडी मागत होती.

दुसऱ्या खेपेला मी माझ्या दुकानातलं सगळ्यात भारी काम घेऊन गेलो. पितळी बोल्ट, सात लिव्हरचं कुलूप, दोन किल्ल्या. बाईंनी ते हातात घेतलं, उलटं केलं, किल्ली फिरवली. "फार छान आहे," म्हणाल्या. "चोरासाठी. माझ्या कोंबड्या चोरानं नाही नेल्या."

त्या दिवशी पाऊस आला म्हणून मी त्यांच्या पत्र्याखाली तासभर अडकलो आणि त्यांची हकिगत ऐकली. त्या बल्बच्या कारखान्यात बावीस वर्षं तपासणीच्या टेबलावर होत्या. समोरून बल्ब सरकत यायचे, लावून बघायचे, जरा लुकलुकला की बाजूला. दिवसाला दोन हजार. नको म्हणायचा सराव तिथलाच असणार. कारखाना बंद झाला, हातात थोडी रक्कम आली, तेव्हा त्यांनी एकोणीस कोंबड्या घेतल्या. यजमानांनी खुराडं बांधलं. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी दार उघडं दिसलं. रात्री मुंगूस शिरलं होतं.

"खाल्ली एकही नाही," बाई म्हणाल्या. "नुसत्या मारून टाकल्या. एकोणीस."

"कडी नव्हती?"

"होती. लावायची राहिली."

"कोणाकडून?"

बाईंनी अंगणापलीकडे बघितलं. त्यांचे यजमान पावसातच जाळीचा फाटका तुकडा तारेनं शिवत बसले होते. त्यांच्या तोंडून मी आजवर दोन वाक्यं ऐकली असतील. मी मनानं रचून दिलेला नवरा हुबेहूब असाच होता, आणि मला ते आवडलं नाही.

"अकरा वर्षं झाली," बाई म्हणाल्या. "ते आम्ही एकमेकांना अजून विचारलेलं नाही."

तिसऱ्या खेपेला मी स्प्रिंगचा बोल्ट नेला. दार ढकललं की आपोआप बसतो, विसरायची सोयच नाही. मला वाटलं आता बाई हात टेकतील. त्यांनी तो उघडून बघितला. उघडायला दोन बोटांनी चिमटीत धरून ओढावा लागत होता.

"रोज कोण उघडणार?"

"आत्या. म्हणजे माझी आत्या. चौऱ्याहत्तर वर्षांची आहे."

"हात कसे आहेत?"

"थरथरतात."

"मग हा तुम्ही स्वतःसाठी केलात," त्या म्हणाल्या आणि बोल्ट माझ्या हातात ठेवला. "तीस वर्षं कुलपं करता. कोण लावणार हे कधी बघितलं नाही?"

मी तोंड वळवून उभा राहिलो. तेव्हा त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला. तो त्या प्रत्येकाला विचारतात, हे मला माहीत नव्हतं. "आत्यांकडे आधी कोंबड्या असतील. त्यांचं काय झालं?"

मुंगसानं नेल्या म्हणता आलं असतं. पण बाई समोरच्याकडे बल्ब तपासल्यासारख्या बघतात. मी सांगून टाकलं. खोकी, चिकनवाला, वजन, दवाखाना, झाड, मका, सगळं. आणि म्हणालो, "आत्याला सांगा की त्या तुमच्याकडेच होत्या. पाचांच्या ऐवजी दुसऱ्या पाच द्या. मागाल ते पैसे देतो."

बाईंनी ॲप्रनला हात पुसले. मग म्हणाल्या, "त्या दिवशी इथं आणल्या असत्यात तर मी ठेवून घेतल्या असत्या. फुकट. म्हाताऱ्या कोंबड्याही ठेवते मी."

मी फाटकाकडे बघत राहिलो. मी रचलेली बाई खरीखुरी होती, दुकानापासून अर्ध्या तासावर, अंगणासकट आणि नवऱ्यासकट. मी फक्त शोधली नव्हती.

"मी कोंबड्या विकते, खोटं विकत नाही," बाई म्हणाल्या. "जी कडी लावणार तिला घेऊन या. हा प्रश्न मी तिलाही विचारणार. तोवर तुम्ही घरी सांगितलं असेल तर बरं."

घरी सांगायला मला आठ दिवस होते. आठही दिवस मी तोंड उघडलं आणि चहा मागितला. एक गोष्ट मात्र केली. आत्याकडे बघत बसलो. ती दार बोटांनी उघडत नाही हे मला तिच्या घरात इतकी वर्षं काढूनही माहीत नव्हतं. तळहाताची कड लावते आणि ढकलते. डबा उघडतानाही तसंच, नळ सोडतानाही तसंच. मी लोखंडाची एक रुंद पट्टी कापली, चांगली तळहाताएवढी, कडा घासून गुळगुळीत केल्या. एका टोकाला खीळ, दुसरं टोक खाचेत पडायचं. हातानं नुसती खाली लोटली की आपल्या वजनानं खट् करून बसते, आणि मुंगसाला ती उचलता येत नाही. माझ्या दुकानातलं सगळ्यात साधं काम. त्याला एक पूर्ण दिवस लागला.

रविवारी रिक्षा केली. वाटभर आत्या रस्ता बघत होती. मी आत्ता सांगतो, पुढच्या वळणावर सांगतो करत राहिलो आणि वखार आली.

आत्या फाटकातून वॉकर टेकत आत आली, थांबली, चारी बाजूंनी बघितलं. "झाड कुठाय?" तिनं विचारलं.

बाईंनी स्टूल आणून दिलं. दोघी एकमेकींकडे बघत होत्या, जुन्या ओळखीच्या असाव्यात तशा. मग आत्यानं जवळ आलेली एक तलंग अलगद उचलली, तिचा पंख उघडून बघितला, पायांवरून अंगठा फिरवला, शेपटी वर करून बघितली आणि खाली ठेवली. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं सगळं तिनं क्षणभरात केलं.

"पैदास चांगली आहे," ती म्हणाली.

"कडी दाखवा," बाई म्हणाल्या.

मी पट्टी फळीच्या तुकड्यावर बसवून आणली होती. आत्यानं एका हातानं वॉकर धरला आणि दुसऱ्या हाताच्या कडेनं पट्टी लोटली. खट्. वर ढकलली, परत लोटली. खट्. बाईंनी मान हलवली. या अंगणात माझं कौतुक झालं ते एवढंच.

मग त्या म्हणाल्या, "आत्याबाई, मी सगळ्यांना विचारते. आधीच्या कोंबड्यांचं काय झालं?"

आत्या वॉकरच्या मुठीकडे बघत होती. "माझीच हयगय," ती म्हणाली. "पायरीवरून पडले ना, दार उघडं राहिलं. गेल्या."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. पलीकडे यजमानांचा पक्कड धरलेला हातही थांबला होता. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, मोडका खुबा घेऊन, परक्या अंगणात ही बाई माझं पाप स्वतःच्या नावावर घेत होती, आणि मी गप्प बसलो असतो तर ते तसंच राहिलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "मी चिकनवाल्याला दिल्या. आत्या, पाचही. त्याच दिवशी."

"माहीत आहे मला," आत्या म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच संध्याकाळपासून. नव्या जागी कोंबडी पहिल्या दिवशी दाण्याला तोंड लावत नाही. एका कोपऱ्यात गठ्ठा करून बसते. तू म्हणालास, गेल्या गेल्या तुटून पडल्या."

मला बसायला जागा नव्हती, म्हणून उभाच राहिलो. "मग घेऊन ये कशाला म्हणालीस?"

"नाहीतर तू विकत कुठं घेणार होतास?" आत्या म्हणाली. बाई तोंडाला ॲप्रन लावून हसल्या, आणि मीही हसलो असतो, पण माझे डोळे भरून आले होते.

बाईंनी पाच दिल्या नाहीत, तीन दिल्या. पाय नीट सावरला की उरलेल्या दोन, म्हणाल्या. रंग त्यांनी निवडले, त्यात ठिपक्यांची नव्हती. एकशेवीस किल्ल्या मी मोजून दिल्या, घासाघीस न करता. फाटकापाशी त्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात ते सांगितलं. "जमलं नाही तर परत आणा. पैसे परत मिळणार नाहीत, पण कोंबडीला जागा मिळेल."

संध्याकाळी परसातल्या नव्या खुराड्यात तिन्ही सोडल्या. पिंप मी आधीच भंगारात दिलं होतं. दाणा घातला, पाणी ठेवलं. तिन्ही कोंबड्या मागच्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटून बसल्या आणि एकीनंही दाण्याकडे मान वळवली नाही. मी बघत उभा होतो. एवढं साधं होतं ते.

आत्या खुर्ची टाकून शेजारी बसली होती. "उद्या खातील," ती म्हणाली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "ठिपक्यांची ओरडली का रे?"

इतके महिने ती विचारत होती आणि मी तिला बरं वाटेल ते सांगत होतो. आताही तोंडात तेच आलं होतं.

"ओरडली," मी म्हणालो. "दुकान येईपर्यंत. बाकीच्या गप्प होत्या."

आत्यानं मान हलवली. "ती ओरडायचीच. अनोळखी हात चालायचा नाही तिला." पदरानं तिनं डोळे पुसले, मग उठली, वॉकर सावरला आणि हाताच्या कडेनं पट्टी खाली लोटली. खट् आवाज झाला.

"बघ," ती मला म्हणाली, "नीट लागली का."

मी वाकून बघितलं. लागली होती.